कपाटातलं अवजार

पोलिसात असूनही घरात मी पिस्तुलाला कधी पिस्तूल म्हटलं नाही. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, इकडचा शब्द तिकडे जातो. म्हणून मी म्हणायचो, अवजार. "अवजार कपाटात ठेवलंय, कुणी हात लावू नका." या हुशारीचं मला कौतुकही होतं.

त्या वर्षी हिंगोलीच्या दसऱ्याचा बंदोबस्त लागला आणि माझं पिस्तूल नेमकं दुरुस्तीला गेलेलं. रजेवर निघालेल्या जोडीदार हवालदारानं स्वतःचं मला दिलं. तोंडी, कुणाला न विचारता. चूक दोघांची, पण हत्यार त्याच्या नावावर होतं आणि त्याची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती.

खंडेनवमीला सकाळी माझ्या किल्लीनं कपाट उघडलं तर पिस्तूल नाही. काडतुसं ट्रंकेत कुलपाखाली होती, पिस्तूल तेवढं गायब. मी गाद्या उलथल्या, ज्वारीच्या कोठीत हात घातला, बायकोवर नको तेवढा ओरडलो.

"दुसरी किल्ली सासूबाईंच्या कमरेला आस्ती," ती म्हणाली. "मला काहून बोलून राहिले?"

आई पहाटेच पूजा आटोपून नरसीला दर्शनाला गेलेली. माझ्यामुळे जोडीदाराची आयुष्यभराची नोकरी मातीत जाणार होती.

आई दुपारी आली. तिनं शांतपणे देवघराच्या कोपऱ्यातलं धडपं उचललं. खाली विळा, खुरपी, कुऱ्हाड आणि मधोमध पिस्तूल, हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं. पूजेवरचं वस्त्र उचलायचं नसतं म्हणून घरात तेवढंच मी सोडलं होतं.

"तूच म्हन्तो ना अवजार म्हून," आई म्हणाली. "आज समद्या अवजारांची पूजा आस्ती. मग यालाच काहून सोडावं?"

मला रागावताही येईना. मी ते पुसायला घेतलं, तशी ती म्हणाली, "इळ्यासाठी मागितलं, रोज काम मिळू दे. याच्यासाठी मागितलं, याला कधीच काम पडू नको देऊ."

बंदोबस्त सुरळीत पार पडला. पिस्तूल परत करताना जोडीदाराला सगळं सांगितलं. त्यानं आधी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मुठीच्या खाचेत राहिलेली हळद त्याला दिसली. पुसायला त्यानं रुमाल काढला आणि विचारलं, "मायनं काय मागितलं म्हन्लास?"

मी पुन्हा सांगितलं.

"सारी नोकरी मीबी तेच मागून राहिलो," तो म्हणाला, आणि हळद न पुसताच रुमाल खिशात ठेवला.