एन्दाहच्या मागची पावलं

जावा बेटावरच्या सलातिगाच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर एन्दाहने कोपर मारलं, लास्मी आडवी झाली आणि तिच्या टाचेवरची शीर तुटली. पंचांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी बोलले नाहीत. पहिली आली म्हणून एन्दाहला सरकारी ऑफिसात नोकरी लागली. लास्मी प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून आईच्या टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, कारखान्यात केळीच्या पानांत सोयाबीन बांधत बसली.

एन्दाह एकदा संत्री घेऊन आली होती.

"देवाची इच्छा गं," म्हणाली.

ती गेल्यावर लास्मीने ती संत्री शेजारच्या बकरीला घातली.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, चालता येईल, तेवढ्यात समाधान माना. लास्मी तिथून तडक म्बाह तुमियेमकडे गेली. ही म्हातारी चाळीस वर्षं गावातल्या धावणाऱ्यांचे पाय चोळत होती.

"धावायचंय कशाला?" म्हातारीने विचारलं.

"एकीला रडवायचंय."

"मग घाई करायची नाही. चिडलेली माणसं महिन्यात धावायला लागतात आणि दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे लंगडत येतात. एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल. दुखलं की चाल, मागे वाघ लागला तरी."

लास्मीने ते अक्षरशः पाळलं. सकाळी उकडलेलं सोयाबीन टपात टाकून सालं सुटेपर्यंत पायांनी तुडवायची. प्रत्येक पावलाला मनात एन्दाहचं नाव. मग मेरबाबू डोंगराच्या चढाकडे एक मिनिट, चार मिनिटं. भाजीवाले गिमानकाका रोज चेष्टा करायचे.

"लास्मी, तुझ्याबरोबर पालक पाठवला तर बाजारात पोचेपर्यंत सुकेल."

"पाठवू नका ना मग," ती म्हणायची आणि घड्याळ बघून चालायला लागायची. पळत सुटावंसं वाटे, पण पुन्हा शीर तुटली तर एन्दाह पुन्हा संत्री घेऊन येईल, या विचारानेच ती आवरायची. चार मिनिटांची तीन झाली, तिनाची दोन. सव्वादोन वर्षांनी ती न थांबता तासभर धावली.

त्या वर्षीच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीला तिने नाव घातलं; एन्दाह तिथे ऑफिसकडून दर वर्षी धावायची. सुरुवातीच्या रेषेवर एन्दाहचा चेहरा उतरला.

"अगं लास्मी, बरी झालीस?"

"बघशीलच."

लास्मी पुढे गेलीच नाही. एन्दाहच्या मागे तीन हातांवर राहिली, श्वास ऐकू जाईल इतक्या जवळ. एन्दाह वळून बघायची आणि वेग वाढवायची. लास्मीही वाढवायची. सहा किलोमीटर हेच चाललं. सातव्याला, चढावर, टाचेच्या वर कळ आली.

तीनच किलोमीटर उरले होते. लास्मीचे दात करकरले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती चालू लागली. बायका एकेक करून तिला मागे टाकून गेल्या. एन्दाह मात्र वळणाआड गेली होती. पाठीमागून कोण येतंय हे तिला दिसत नव्हतं. लास्मी अजून मागेच आहे असं समजून ती जीव तोडून पळत राहिली.

लास्मी चालत-धावत सदतिसावी आली. एन्दाह फुटपाथवर बसून ओकत होती. शेवटच्या किलोमीटरला तिचे पाय गळाले होते. ती चौथी आली होती.

लास्मी तिच्या शेजारी बसली.

"मी ढकललं होतं तुला," एन्दाह खाली बघत म्हणाली. "नोकरी हवी होती. माफ कर."

"नाही करणार."

"मग काय हवंय तुला?"

"पुढच्या वर्षी ऑफिस तुला पाठवेलच ना? मी मागे असेन. त्याच्या पुढच्या वर्षीही."

एन्दाहच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. लास्मीने ते नीट, सावकाश पाहून घेतलं. असं झाल्यावर मन हलकं होऊन राग निवेल, असं तिला वाटलं होतं. राग तसाच होता, आणि त्यावर कडकडून भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या टपरीत तिने दोन वाट्या सोतो सूप आणि सांबलची तिखट चटणी मागवली आणि घाम गळेस्तोवर खाल्लं.

कळ आली तर पाय पूर्ण थंड होऊ द्यायचा, असं म्हातारीने सांगितलं होतं म्हणून पुढचे पाच दिवस ती धावली नाही.