डाव्या खुर्चीतलं वाक्य

वाचनकाका सगळ्यालाच घाबरायचे. लिफ्टच्या भीतीने कोपरखैरण्यातल्या आमच्या बिल्डिंगचे चार मजले जिन्याने चढायचे, गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत यायचे. पण त्यांची खरी भीती होती सुट्या वाक्याची. तुर्भ्याच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर प्रुफं तपासली होती. “लेखातनं एक वाक्य उचललं ना बाय, की ते सुटलेलं ढोर. कुनाच्या शेतात शिरंल, नेम नाय,” असं ते म्हणत, आणि मी हसत असे.

दर रविवारी विहारात ते मास्तरांचे लेख वाचून दाखवत. मास्तर म्हणजे आमच्या कोकणातल्या गावाकडचे जुने बौद्ध सुधारक. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी पानभर, त्याच्याच तोंडाने आणि पूर्ण ताकदीने मांडायची मास्तरांची खोड होती. ऐकणाऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून काका दोन खुर्च्या ठेवत. विरोधकाचा भाग आला की डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसत, “आता समोरचा बोलतोय हां,” असं बजावत, आणि मास्तरांचं उत्तर सुरू झालं की परत उजवीकडे येत. आम्ही पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळायचो.

काकू ख्रिस्ती, नगरकडच्या. रविवारी काका विहारात, काकू चर्चमध्ये. परतताना दोघं मासळी बाजारात भेटत आणि बांगड्यांच्या ताजेपणावरून भांडत घरी येत. धर्मावरून भांडलेले मी कधी ऐकले नाहीत. त्यांच्या दारावर आत बुद्धाची तसबीर होती, आणि बाहेर चौकटीवर काकूंचा लाकडी क्रूस.

पुढे एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला: मास्तरांचे ख्रिस्ती धर्माविषयीचे विचार, संगणकाच्या मदतीने. काकांनी वर्षभर बसून सगळे लेख टाइप करून दिले. माझा प्रोग्रॅम ‘ख्रिस्ती’, ‘मिशनरी’ असे शब्द असलेली वाक्यं वेचायचा आणि बाजूची कोणती, विरोधातली कोणती ते ठरवायचा. विरोधातली ढीगभर निघाली. सगळ्यात वर होतं, “ख्रिस्ती झालेला आपला राहिला नाही, त्याला दाराशी उभं करू नका.” खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. नवीन काहीतरी सापडलं म्हणून मी ती यादी विहाराच्या ग्रुपवर टाकली.

संध्याकाळपर्यंत त्या वाक्याचं मास्तरांच्या फोटोसकट पोस्टर झालं. काका धापा टाकत आमच्याकडे आले. “बाय, हे डाव्या खुर्चीतलं वाक्य हाय गं,” एवढंच बोलले.  संगणकाला खुर्च्या माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या, आणि मी विसरले होते. यादी काढून टाकली, ग्रुपवर हात जोडले, पण पोस्टर तोवर भलत्याच ग्रुपांवर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत कुणीतरी आमच्याच सोसायटीच्या फलकावर लावली. कुणी, ते कळलं नाही. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे मी संशयाने बघू लागले.

काका बेल वाजली की दचकत. आणि एका दुपारी त्यांनी चौकटीवरचा क्रूस उतरवला, रुमालात गुंडाळला आणि कपाटात कपड्यांखाली दडवला. काकूंना तासाभरात कळलं. मी तिथेच होते.

“अहो, कुणी काढला?”

काकांनी कपाटाकडे बोट केलं. “कोन आलं असतं तर?”

“बाहेरचं कुणी आलंच नाही की,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली.

त्या रविवारी काकांनी तोच लेख वाचायला घेतला. विहार गच्च भरलेला.  समोरच्याचा भाग आला आणि ते उठेचनात. तेव्हा मागून काकू आल्या. त्या दिवशीचं चर्च चुकवून आल्या होत्या. डाव्या खुर्चीत बसल्या, काकांच्या हातातून पान घेतलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं, “ख्रिस्ती झालेला आपला राहिला नाही.”  मग काकांनी मास्तरांचं उत्तर वाचलं: “त्याचा देव मला पटत नाही. म्हणून त्याला माझं दार बंद होत नाही.” नंतर दोघं मासळी बाजारात गेले. क्रूस परत चौकटीवर लागला.

काका गेले त्याला वर्ष झालं. प्रबंधात मी प्रत्येक वाक्यापुढे आता खुर्ची लिहिते, डावी की उजवी. पण सुटलेलं ढोर अजून हिंडतंच आहे. परवा ते पोस्टर अनोळखी नंबरवरून पुन्हा आलं, आणि खाली कुणीतरी आमच्या बिल्डिंगचं नाव टाकलं होतं. मी धावत चौथ्या मजल्यावर गेले. काकूंकडेही आलं होतं. त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि स्वतः डावीकडे बसल्या होत्या.

“काकू, कडी लावू का?” मी विचारलं. 

“बस तिकडे, त्यांच्या जागी,” काकू म्हणाल्या. “आणि दार उघडंच राहू दे.”