दमलीस का, आजी?

आमची ताई लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभी. संध्याकाळी पाय इतके सुजतात, की चप्पल निघता निघत नाही. 'दमलीस का गं?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'छे! दमायला काय झालंय मला?' डोकंच फिरतं माझं. मी तिची धाकटी बहीण, एका घरात राहते, मला काय दिसत नाही?

तिची लेक परदेशात असते. जावई स्पॅनिश बोलणारा आणि सात वर्षांची नातही स्पॅनिशच बोलणारी. लेकीने पोरीला मराठी का शिकवलं नाही, ते जाऊ दे; बोललं की माझंच तोंड दिसतं. नातीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ताई मोबाइलवर स्पॅनिश शिकायला लागली. त्यात तिला 'कान्सादा' सापडला. कान्सादा म्हणजे दमलेली, पुरुष असला तर कान्सादो. मग काय, दर रविवारी फोनवर नातीला लाडाने विचारायची, 'एरेस कान्सादा?' म्हणजे दमलीस का?

पोर फोन आईच्या हातात देऊन पळायची. पुढे तर फोनवर येईनाशीच झाली. ताईला अन्न गोड लागेना.

शेवटी मी भाचीला फैलावर घेतलं. 'आजीशी बोलायला काय धाड भरलीय गं तुझ्या पोरीला?'

'मावशी, आई तिला दर वेळी म्हणते, तू कंटाळवाणी आहेस!'

भानगड अशी, की आपल्याकडे 'आहेस' एकच. दमलेली आहेस, शहाणी आहेस, सगळं त्यातच भागतं. त्यांच्याकडे दोन. 'एस्तास कान्सादा' म्हणजे आत्ता दमलीयस. 'एरेस कान्सादा' म्हणजे तू बाईच डोकं उठवणारी.

ऐकून ताईने कपाळावर हात मारला. 'लेकराला मी असं म्हणत होते गं?' मग आठवडाभर इस्त्री फिरवताना एकच जप, एस्तास, एस्तास. लाँड्रीतल्या बायकांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

रविवारी फोन लागला. भाचीने पोरीला सगळं समजावून ठेवलं होतं. ताईने फोन स्पीकरवर टाकला. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, 'एस्तास कान्सादा, आबुएला?' दमलीस का, आजी?

ताईने तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं, मला दिसलं ना. पण 'दमायला काय झालंय मला' हे स्पॅनिशमध्ये तिला कुठे येत होतं?

'सी,' ती म्हणाली. हो. आणि जरा थांबून, 'मुचो.' खूप.

मग उभ्याउभ्याच रडायला लागली. मी मागून खुर्ची सरकवली, तर पहिल्यांदाच 'छे!' न म्हणता बसली.