आधी नाश्ता

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावी आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांइतका माणसं पारखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माणसं काढून टाकताना इतका कासावीस होणाराही नाही. ऐंशीच्या दशकात ते एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे जनरल मॅनेजर होते. खेळ शिकवायचा तो कोचनं. कोणाला घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवायचं यांनी. ती सवय हाडीमाशी इतकी खिळलेली, की आमच्याकडे गणपतीला आले तरी आरतीपेक्षा पाहुण्यांच्या खांद्यांकडेच लक्ष. सोफा सरकवणाऱ्या माझ्या मेहुण्याबद्दल गंभीरपणे म्हणाले, की ताकद आहे, पण वळायला वेळ लावतो. सख्खा भाऊ असूनही माझ्या बायकोनं ते मुकाट्यानं मान्य केलं.

सीझन सुरू व्हायच्या आधी जादा खेळाडू कमी करावे लागत. निरोप द्यायला हाताखालची माणसं होती, पण हे स्वतः जायचे. पोराला समोर बसवून आधी पोटभर नाश्ता खाऊ घालायचे, मगच सांगायचे. पुढेपुढे सगळ्यांना हे ठाऊक झालं. साहेबांनी अंड्यांची बशी पुढे सरकवली, की भलेभले धिप्पाड गडी रडकुंडीला येत. अहो, मग नाश्त्याआड वाईट बातमी लपली कुठे, असं मी एकदा विचारलंच.

"लपवायचं नसतंच," ते म्हणाले. "ऐकताना समोर कुणीतरी बसलेलं हवं."

मग एका हिवाळ्यात संघ हरतच गेला. सीझन संपल्यावर एका सकाळी ते नेहमीसारखे आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, कारण माझं फावडं धरणं त्यांना बघवत नसे. आत रेडिओवर बातमी लागली: मालकानं त्यांना काढलं होतं. पेपरवाल्यांना सांगितलं, यांना नाही! माझी बाहेर जाऊन सांगायला जीभ रेटेना.

बायकोनं रेडिओ बंद केला, पोहे परतले आणि त्यांना आत बोलावलं. एरवी ते नुसती कॉफी घेत. तिनं बशी पुढे ठेवली आणि स्वतः समोर बसली. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आज माझी पाळी?"

"आधी खाऊन घ्या," ती म्हणाली.

त्यांनी शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत बशी संपवली. मग म्हणाले, "आता सांग." तिनं सांगितलं. त्यांनी तिला थँक यू म्हटलं आणि हातमोजे चढवले.

आमचा अर्धा ड्राइव्हवे राहिला होता. तो पुरा करूनच ते घरी गेले.