सहाव्या वर्षी आलेली दाढ

आधी आमच्या घरमालकीण मावशींचं सांगते, मग बाकीचं. माझ्या लेकीच्या तोंडात खाली डाव्या बाजूला एक दाढ अजून उभी आहे, ती त्यांच्यामुळे. उजवीकडची गेली. ती कोणामुळे गेली ते पुढं येईलच.

मावशी चाकणजवळच्या जुन्या गावातल्या. त्यांची शेती होती. आता त्या शेतात कुठल्याशा कंपनीचं गोडाऊन उभं आहे, आणि घरामागं आठ खोल्यांची चाळ. त्यातल्या चौथ्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो. मावशी माझं कोणी लागत नाहीत. तरी माझ्या पोरीला हाताला धरून, चाकणहून भोसरी आणि भोसरीहून पिंपरी अशा दोन बस बदलून, त्या तिला दातांच्या मोठ्या दवाखान्यात चार वेळा घेऊन गेल्या. गुडघे दुखतात त्यांचे. आधी पोरीला बसच्या पायरीवर ढकलायचं आणि मग दांडा धरून स्वतःला वर ओढायचं, हे पोरगीच मला करून दाखवते आणि हसते. मला हसू येत नाही.

मी हिंगोलीकडची. गावात शाळा आठवीपर्यंतच होती, म्हणून आठवी झाली तशी माझीही शाळा झाली. लग्नानंतर इकडं आले. गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधायच्या कामावर आहे, ठेकेदाराकडून. पूर्ण शिफ्ट उभं राहायचं.

गावाकडं सकाळी ज्वारीची भाकरी, तिखट आणि तेल. दुपारी भाकरी आणि अंबाडीची भाजी. रात्री भाकरी आणि वरण. ऊस दातानं सोलायचा, हरभरे आले की डहाळा हातात घेऊनच फिरायचं. दाढदुखी हे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं असतं असं मला लग्न होईपर्यंत वाटायचं. पण तिकडचं सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. माझी आई मिश्री लावायची, तंबाखू जाळून केलेली, दिवसातून चार वेळा. रानात भूक लागली की भाकरीऐवजी मिश्री. चाळिशीच्या आतच तिचे पुढचे दात हलायला लागले. आज ती भाकरी वरणात कुस्करून, बोळक्या तोंडानं खाते. तिनं आयुष्यभर थापलेल्या भाकरीला आता तिचेच दात पुरत नाहीत.

बिस्किटाचा पुडा आमच्या घरी यायचा तो फक्त पाहुणा आला तर. ताटलीत मांडलेली बिस्किटं पाहुण्यानं सगळी खाऊ नयेत म्हणून आम्ही भावंडं दाराआड उभी राहून मोजत असायचो. दोन उरली तर चौघांत वाटून. त्यामुळं मला लेक झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, हिला दाराआड उभं राहायची पाळी येऊ द्यायची नाही. ही एवढीच माझी हौस होती.

आठव्या महिन्यापासून तिला चहात भिजवलेलं बिस्किट. वर्षाची झाली तशी पुडाच हातात. माझी आणि ह्यांची शिफ्ट आम्ही उलटसुलट ठेवली होती, म्हणजे पोरीजवळ एक जण राहील. पण जो घरी असतो तो उभा राहून थकून आलेला असतो. त्याला झोप पाहिजे आणि पोरीला काहीतरी पाहिजे. पुडा दिला की ती गप्प बसायची. मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं. उलट गावाकडं फोनवर मी सांगायची, हिला रोज बिस्किट लागतं, बरं का. आई तिकडून म्हणायची, नशीब काढलं पोरीनं.

पोरगी दोन वर्षांची असेल. मावशी एक दिवस वाटी घेऊन दारात आल्या.

"घे गं, पोरीला चार. बाजरीची हाय, दुधात कुस्करलीया."

"नको मावशी. तिला भाकरी आवडत नाही."

"आवडंल कशी? तू दिलीस व्हय कधी?"

मला राग आला. चाळीतली भाडेकरीण म्हणून मला भाकरी आणून देतात, असं वाटलं. मी म्हणाले, "आम्ही भाकरीच खाऊन मोठे झालो मावशी. हिला तरी बरं खाऊ द्या."

मावशींनी वाटीकडं बघितलं. "बरं खाऊ दे बाई," म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस पोरीच्या हातात पुडा दिसला की अंगणातून आवाज यायचा, "झालं का गं बरं खाऊन?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पुढचे चार दात आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग नुसते काळे खुंट. मी घाबरले. लाइनवर शेजारी उभी राहणारी म्हणाली, "दुधाचेच आहेत गं, पडतील की." कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, दुधाचेच. गावाकडून आई म्हणाली, दुधाचेच. तीन वर्षं मी ह्या एका वाक्याला धरून राहिले. आता वाटतं, निदान एकदा तरी एखाद्या माहीतगार माणसाला विचारायचं.

ती पहिलीत गेली त्या वर्षी खाली, सगळ्यात मागं, दोन्हीकडं एकेक दाढ वर आली. पांढरीशुभ्र, वर खाचाच खाचा. तिचा एकही दात तोवर पडला नव्हता. नवा दात जुना पडल्यावरच येतो हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ह्याही दाढा मी दुधाच्याच धरल्या. ह्यांना म्हणाले सुद्धा, "बघा, दोन तरी चांगल्या आल्या." आणि चहा-बिस्किट चालूच ठेवलं.

वर्षभरात उजवीकडच्या दाढेवर काळा ठिपका आला. ठिपक्याचं भोक झालं. मी लवंगेचं तेल लावलेला कापूस ठेवत राहिले. दुखायचं म्हणून ती चावायचीच नाही, मग चहात भिजवलेलं बिस्किट आणखी लागायचं. शाळेत वजन केलं तेव्हा बाईंनी तिच्या नावापुढं खूण केली आणि मला विचारलं, घरी जेवते ना? मी म्हणाले, जेवते.

एका सोमवारी पोरगी उठली ती गाल सुजवूनच. अंगात ताप. ठेका पुढं चालू ठेवायचा की नाही हे ठरायचा तो आठवडा होता. लाइन लीडरला फोन केला तर म्हणाला, "ताई, पोरांचे दात सगळ्यांच्याच घरी दुखतात. आज नाही आलात तर माझ्या हातात काही नाही." त्या आठवड्यात आम्हा दोघांचीही शिफ्ट सकाळचीच आली होती आणि हे पहाटेच कंपनीच्या बसनं गेले होते. मी पोरीला मावशींच्या ओसरीवर बसवलं, गोळी दिली आणि कामावर गेले. हे लिहितानाही हात थांबतो. पण गेले.

मावशींनी मला विचारलं नाही. त्यांनी पोरीला उचललं आणि बस धरली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "सूज उतरायला औषध दिलंय. फुडल्या सोमवारी दाढ काढायची म्हंत्यात. आईची सही पायजे, तुला यावं लागंल."

"येते मावशी."

"आन ऐक, घाबरू नको. ती दुधाची न्हाई म्हंत्यात."

"म्हणजे?"

मावशी म्हणाल्या, "म्हंजी पुन्यांदा येणार न्हाई."

डबा पुढं उघडा होता. मी झाकण लावलं. त्या दिवशी मी किती जुडगे बांधले आणि कसे बांधले मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी मी खाडा केला. नंबराची चिठ्ठी घेऊन आम्ही तिघी बाकावर बसलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगीच होती. तिनं कागद पुढं घेतला आणि विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत ही काय काय खाते ते सांगा."

मी सांगायला लागले. सकाळी चहा-बिस्किट. शाळेत डब्यात बिस्किट, नाहीतर नूडल्स. आल्यावर चहा-खारी. मग पाच रुपयांचं चटपटीत पुडकं. संध्याकाळी भात, थोडा. झोपताना रडली तर दूध, साखर घालून. बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला. रोज देताना ते एकेक वाटायचं, असं ओळीनं कधी ऐकलंच नव्हतं.

मावशी मधेच बोलल्या, "पोरीच्या आईला बोल लावू नका बाई. दिस दिसभर उभी ऱ्हाती ती."

"मी बोल लावत नाहीये आजी, मला फक्त लिहायचंय," डॉक्टर म्हणाली. मग तिनं दातांचा साचा हातात घेऊन मला दाखवलं. "ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते. कुठला दात पडत नाही, ती मागून नवीनच येते. पुष्कळ आयांना दुधाचीच वाटते."

"वाचणार नाही का?"

"मुळापर्यंत फुटलीय, ताई. वर काही उरलंच नाहीये."

"आणि डावीकडची?"

"तिला कीड लागलीय, पण भरता येईल. खाणं बदललं नाही तर तीही राहणार नाही. चिकट गोड बंद करा. चावून खायला लागेल असं द्या. घरात भाकरी करता ना?"

मी मावशींकडं बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही. त्या वेळी त्या 'झालं का बरं खाऊन' म्हणाल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. पण त्या पोरीची वेणी नीट करत बसल्या.

दाढ काढताना पोरीनं एका हातानं माझं बोट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं मावशींचा पदर. बाहेर आली ती तोंडात कापसाचा बोळा धरून. बोळ्याआडून पहिला शब्द काय काढावा? "बिस्किट."

तेव्हापासून मावशी रोज दुपारी तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा काढतात. वरचा पातळ, मऊ पदर. त्याला तूप लावून पोरीच्या हातात देतात. सुरुवातीला ती थुंकायची. "थुक की, आजून लई हायेत," मावशी म्हणायच्या आणि दुसरा द्यायच्या. डाव्या दाढेत सिमेंट भरायला आणि नंतर तपासायला त्याच घेऊन गेल्या, कारण मला पुन्हा खाडा करायची सोय नव्हती. आता पोरगी चतकोर भाकरी खाते. सगळा घास डावीकडं ढकलून. उजवीकडं जीभ घालून रिकामी जागा चाचपत बसते.

हे वाचून कोणाला वाटेल की सगळं मार्गी लागलं. नाही लागलं. मागच्या महिन्यात गादीखाली पुड्याचे कागद सापडले. मी ह्यांच्यावर ओरडले. हे म्हणाले, "रडत होती. मी शिफ्ट करून येऊन झोपू का भाकऱ्या थापू?" मला तरी कुठं रोज थापायला होतं. शाळेत वाढदिवसाला चॉकलेट वाटतात, ते तिच्या एकटीच्या हातातून कसं काढून घ्यायचं? मावशींच्या स्वतःच्या घरात मुलाला चाळिशीतच साखरेचं दुखणं आहे, आणि नातवाचे दात माझ्या पोरीसारखेच काळे. "माझ्याच घरात ह्या भाकरीला गिऱ्हाईक न्हाई," त्या म्हणतात. बाजरीसुद्धा त्या दुकानातूनच आणतात. जिथं पिकायची तिथं आता ट्रक उभे असतात.

घरी असेन त्या दिवशी मी मोबाइलची बॅटरी लावून पोरीचं तोंड बघते. गेल्या आठवड्यात सिमेंटच्या कडेला एक तपकिरी रेघ दिसली. डाग असेल. कीडही असेल. बोटानं पुसून बघितली, जात नाही. दवाखान्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर मी रोज बघते, आणि रोज ती रेघ मला आदल्या दिवसापेक्षा लांबलेली वाटते. आईचा फोन आला की मी सांगते, दात छान आहेत. त्या दाढेचं तिला अजून सांगितलेलं नाही.

मावशींना मी एकदा विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्या म्हणाल्या, "आधी पोरीचं तोंड बघ. आमचं काय न्हाई." पण मला एक आठवतं. पूर्वी एकदा गावाहून येताना मी थोडा शाळू, आमच्याकडची रब्बीची ज्वारी, आणला होता. त्याची भाकरी खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "हिला चव हाय गं. आमच्या दुकानातलीला न्हाई."

तेवढं मी करणार आहे मावशी. सुगीच्या दिवसांत गावी जायला मिळेल त्या वर्षी शाळूचं पोतं तुमच्या ओसरीवर आणून टाकीन. तुमच्या हातांना थापणं होईनासं झालं की मी थापीन, आणि तुमचे दात गेले तर पापुद्रा काढून, तूप लावून तुमच्या हातात देईन. माझी लेक तुमच्यासमोर बसून अख्खी भाकरी चावून खाईल, डाव्या दाढेनं. ती दाढ तोवर राहावी एवढंच. कुठल्या वर्षी ते मला आज सांगता येत नाही, पण तुमचं हे मी फेडणार आहे.