शिडीवाल्याच्या शहरातलं धुकं

फुगेवाल्याचा धंदा काय, हे त्याच्या मेहुण्याला सव्वीस वर्षांत कळलं नाही. विचारायचा मात्र दरवेळी. पाय पसरून खुर्चीत बसायचा, बहिणीनं दिलेल्या चहावर फुंकर मारायचा आणि सुरू व्हायचा.

"भावोजी, म्हणजे चित्रं तुम्ही काढत नाही."

"नाही."

"ती मास्तर काढतात."

"हो."

"मग तुम्ही नेमकं काय करता?"

"कॉमिकमधली माणसं बोलतात ना, त्यांच्या तोंडाजवळ फुगा असतो. त्या फुग्यात काय बोलायचं ते मी लिहितो."

"एका फुग्यात किती शब्द?"

"बारा. फार तर पंधरा."

यावर मेहुणा बहिणीकडे असा बघायचा, की हिचं लग्न ठरवताना घरच्यांनी नीट चौकशी केली नव्हती हे आता सिद्धच झालं. फुगेवाला हे नाव मेहुण्यानंच ठेवलेलं. ते आधी घरात चाललं, मग जिन्यात उतरलं, तिथून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं आणि शेवटी प्रकाशनाच्या कचेरीत पोचलं. तोवर खऱ्या नावानं हाक मारली तर फुगेवाला स्वतःच मागे वळून बघेनासा झाला होता.

खरं काम फुग्याबाहेरचं होतं. कोणत्या चौकटीत कोण कुठे उभा, उजेड कुठून येतोय, कुणाच्या हातात काय आहे, हे सगळं तो टाइप करून मास्तरांना पाठवायचा. छापलेल्या अंकात त्यातलं एक अक्षर कुणाला दिसत नसे. 'पान चार, चौकट दोन. गच्चीवरून खाली बघतोय. खाली माणसं मुंग्यांएवढी.' की लगेच मास्तरांचा फोन.

"लेखका, मुंग्या लिहायला तुझं काय जातं? एक शब्द. मला दीड दिवस लागतो."

"मग दोनच काढा."

"दोन मुंग्यांची गर्दी होते का रे?"

आणि आठवड्यानं जे पान यायचं त्यात शंभरेक मुंग्या, एकीच्या डोक्यावर टोपीसुद्धा.

दोघांचा नायक होता शिडीवाला. त्याला उडता येत नव्हतं, त्याच्या बोटांतून वीजबिज निघत नव्हती. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारा साधा माणूस, खांद्यावर अकरा पायऱ्यांची शिडी. कुणी आगीत अडकलं, कुणाला कोंडून ठेवलं, की हा भिंतीला शिडी लावायचा आणि धापा टाकत चढायचा. मुलं त्याच्यावर का जीव टाकत, हे शोधायला फुगेवाला गेला नाही. चालतंय म्हटल्यावर तो खोलात शिरत नसे. त्याला कारण एकच ठाऊक होतं. ती शिडी मास्तर पट्टी न लावता काढायचे. मास्तर आधी शाळेत चित्रकला शिकवत. "पट्टी ही भित्र्यांची वस्तू," असं म्हणायचे, श्वास आत घ्यायचे आणि एका दमात वरून खालपर्यंत दांडा ओढायचे. मग दुसरा. मग अकरा पायऱ्या, टक टक टक. बघणाऱ्याला वाटावं, यावर पाय ठेवला तर वजन घेईल.

दोन वर्षांपूर्वी एक पान आलं त्यात शिडीचे दांडे कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबत होते.

फुगेवाला पान घेऊन मास्तरांच्या खोलीवर गेला. मास्तर टेबलापाशी चहा पीत होते. कप दोन्ही हातांनी धरलेला, लहान मूल दूध पितं तसा.

"टाकाचं टोक खराब निघालं," मास्तर त्यानं विचारायच्या आतच म्हणाले.

पुढच्या महिन्यात कागद शाई पीत होता. त्याच्या पुढच्या महिन्यात टेबल डुगडुगत होतं. फुगेवाल्यानं जाताजाता टेबल हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. तो घरी येऊन टाइप करायला बसला.

त्या दिवसापासून शिडीवाला खिशात हात घालून हिंडू लागला. खलनायकानं हातमोजे घातले. पुढे शहरात धुकं आलं. मुंग्याच काय, समोरची इमारतही दिसेना, त्यामुळे काढावीही लागेना. एवढंही जमेनासं झाल्यावर एका अंकात शिडीच चोरीला गेली.

वाचकांची पत्रं आली. 'शिडी कुठेय?' 'खिशात काय लपवलंय त्यानं?' एकानं तर विचारलं होतं, 'लेखक आजारी आहे काय?'

संपादकबाई वयानं फुगेवाल्याच्या मुलीएवढ्या. बोलताना प्रश्न त्याच विचारायच्या, उत्तरही त्याच द्यायच्या. "वाचकाला काय हवंय? शिडी. आपण काय देतोय? धुकं. हे किती दिवस चालेल, लेखकसाहेब? फार दिवस नाही चालणार."

बायको प्रत्येक अंक छापायच्या आधी वाचायची. एके दिवशी कागद खाली ठेवून म्हणाली, "अहो, या गावात ऊन कधी पडणार?"

मग त्यानं सांगितलं. मास्तरांचा हात कापतो. बाहेर कळलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दुसरा कुणीतरी बसेल, आणि मास्तरांना त्या टेबलाशिवाय जगात दुसरी जागा नाही.

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"कसं विचारणार? माणसाचा हात आहे तो."

"म्हणूनच विचारायचं," बायको म्हणाली आणि उठून गेली. त्यानं विचारलं नाही.

आणि वर्षाचा कॉमिकमेळा आला.

मेळा म्हणजे मालगोदामाएवढं सभागृह, ओळीनं टेबलं, आणि त्यांच्यामधून पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली, पंख लावलेली, तोंडं निळी रंगवलेली माणसं. दरवर्षी मास्तर आणि फुगेवाला एकाच टेबलाशी बसत. रांग मास्तरांपुढे. फुगेवाल्यापुढे लोक पिशव्या ठेवत. "काका, जरा लक्ष ठेवाल?" एकानं विचारलं, "तुम्ही मास्तरांचे भाऊ का?" पंखवाल्या एका मुलीनं त्याच्या हातात फोन देऊन मास्तरांसोबत फोटो काढून घेतला आणि त्याला बजावलं, "आडवा घ्या हं, पंख यायला हवेत." फुगेवाल्याला याचं काही वाटत नसे, असं तो घरी सांगायचा.

या वर्षी मास्तर कुणाला चित्र काढून देत नव्हते. सहीचा रबरी शिक्का करून आणला होता. शाईच्या पॅडवर ठप्प, अंकावर ठप्प. रांगेतला एक जण मागच्याला म्हणाला, "म्हातारा माजलाय." फुगेवाल्यानं ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं असणार, कारण पुढचा शिक्का वाकडा पडला.

खरी धास्ती साडेचारची होती. संपादकबाईंनी महिन्याभरापूर्वीच जाहीर केलं होतं: 'शिडी परत येतेय! मास्तर स्टेजवर, सगळ्यांसमोर, पुरुषभर उंचीच्या कागदावर शिडी काढणार.' फुगेवाल्यानं तेव्हाच फोन केला होता.

"मास्तर, नाही म्हणा."

"का?"

"गर्दी असते. दिवे डोळ्यांवर येतात. उगाच कशाला?"

"मी काढतोय," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला.

आज मास्तरांची मुलगी सोबत आली होती. पाण्याची बाटली, खांद्याला कागदांची लांब नळी, आणि दर पाच मिनिटांनी मनगटावर नजर. व्यवस्थापकाला तिनं तीनदा विचारलं, "बरोबर साडेचारलाच ना? मागेपुढे नको." पोरीचाही जीव टांगणीला लागलाय, असं फुगेवाल्याला वाटलं.

साडेचारला दिवे लागले. खाली चारेकशे माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या खांद्यावर पुठ्ठ्याच्या शिड्या. कोरा कागद चौकटीवर ताणून बसवलेला. संपादकबाई माइकवर. "आपण किती महिने वाट बघितली? नऊ महिने. आणि आज कोण आपल्याला शिडी देणार? मास्तर. पण आधी लेखकसाहेब दोन शब्द बोलतील. दोनच हं."

माइक हातात आला तेव्हा त्याच्याकडे ते दोन शब्दही नव्हते. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीतून उठत होते. उजवा हात कोटाच्या खिशात, अगदी आतपर्यंत खुपसलेला. शिडीवाला हात ठेवायचा तसाच. हे माणसांसमोर उघडं पडणार. उद्या दोरीसारख्या शिडीचे फोटो गावभर फिरणार. सव्वीस वर्षं जे काम केलं तेच फुगेवाल्यानं केलं. जे चित्र निघणार नव्हतं, ते गोष्टीतून काढून टाकलं.

"शिडी परत येणार नाही," तो म्हणाला. "पुढच्या अंकात शिडीवाला मरतो."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं खांद्यावरची पुठ्ठ्याची शिडी हळूच खाली ठेवली. मागून आवाज आला, "तू कोण ठरवणारा?" मग दुसरा, तिसरा. कुणीतरी चुरगळलेला कागदी कप फेकला, तो माइकला लागून धप्प झालं आणि भोंग्यातून सगळ्यांनी ते ऐकलं.

संपादकबाई क्षणभर पांढऱ्या पडल्या. दुसऱ्या क्षणी माइक त्यांच्या हातात. "ऐकलंत ना? शेवटचा अंक. कसा मरतो? सांगणार नाही. कुठे बघायला मिळेल? अंकातच." मग माइक झाकून मास्तरांना म्हणाल्या, "बसा मास्तर, आता काही काढू नका. काढलं की उत्सुकता संपली." दोन माणसांनी कोरा कागद गुंडाळून नेला.

स्टेजच्या मागे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. मास्तर त्यातल्याच एकावर बसले होते. फुगेवाला समोर जाऊन उभा राहिला. शाबासकी नको होती त्याला, पण मास्तर सुटल्यासारखे दिसतील एवढं तरी वाटलं होतं.

"पस्तीस मिनिटं आहेत अजून, बाबा," मुलगी म्हणाली.

"कसली?" फुगेवाल्यानं विचारलं.

"गोळीची." तिचा आवाज सपाट होता. "घेतली की पाऊण तासानं हाताचं कापणं थांबतं, पुढे तासभर थांबलेलं राहतं. तीन महिने सराव केलाय त्यांनी. रोज साडेचारला." तिनं नळीचं झाकण काढून कागद बाहेर ओढले. शिड्याच शिड्या. पहिल्या कागदांवर दोऱ्या लोंबत होत्या. खालच्या कागदांवर त्या ताठ होत गेल्या होत्या. शेवटच्या शिडीवर पाय ठेवावा, वजन घेईल.

"खिशात का मग हात?"

"गार पडू नये म्हणून," मास्तर म्हणाले. "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन वर्षं."

"म्हणून ते धुकं."

"म्हणून."

मास्तर कसनुसं हसले. "मला वाटलं, तुझं डोकं आटलं. चोऱ्या काय, धुकं काय. बाई तुला काढणार होत्या. मी सांगितलं, लेखक राहिला तरच मी काढेन. वर्ष झालं त्याला." थोडं थांबून म्हणाले, "एवढी एकच शिडी काढायची होती रे मला. लोकांसमोर. मग मीच सांगणार होतो, हात गेलाय म्हणून. तू विचारायचं होतंस."

फुगेवाल्याला पंधरा शब्दांत बसेल असं काही सुचलं नाही. पंधराशेतही बसलं नसतं.

"मार्कर दे," मास्तर मुलीला म्हणाले. उठून त्यांनी एक खोकं उभं केलं. "धर रे, हलायला नको."

फुगेवाल्यानं दोन्ही हातांनी खोकं धरलं. मास्तरांनी श्वास घेतला आणि वरून खालपर्यंत दांडा ओढला. मग दुसरा. टक, टक, टक, अकरा. रेघ कुठे हलली नाही.

तेवढ्यात सामान आवरणारा माणूस आला. "साहेब, हे खोकं लागेल. उरलेले अंक भरायचेत."

"घेऊन जा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, अहो, राहू दे ते," फुगेवाला म्हणाला.

"घेऊन जा म्हटलं ना."

त्या माणसानं खोक्यात गठ्ठे टाकले, चिकटपट्टीचं टोक दातानं तोडलं आणि शिडीच्या मधोमध आडवी पट्टी ओढली. मग खोकं खांद्यावर घेऊन गेला.

मुलगी नळीत कागद भरत राहिली. बाहेर भोंग्यावर कुणाच्यातरी वेशभूषेला बक्षीस जाहीर झालं, टाळ्या झाल्या. अर्ध्या तासानं मास्तरांच्या बोटांत हळूहळू ते सुरू झालं, आधी अंगठा, मग मनगट. मास्तरांनी हात खिशाकडे नेला, मध्येच थांबले, आणि तो समोरच्या उलट्या खोक्यावर उघडा ठेवला. पुठ्ठ्यावर बोटं टपटप वाजू लागली.

"बघ," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं लपवलास ना. आता नीट बघ."

फुगेवाला समोर बसला आणि बघत राहिला.