फुटलेला पेपर

दवनीवाड्याचे टेकचंद पटले गुरुजी एकतीस वर्षं शिष्यवृत्तीच्या पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवत आले. निवृत्त झाले, तरी पडवीतला फुकटचा क्लास काही सुटला नाही. त्यांचा मंत्र एकच, जुने पेपर सोडवा, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. पोरं पास होत आणि मान गुरुजींची ताठ होई.

पण यंदा दिवाळीनंतर त्यांनी एकच गणित फळ्यावर तीनदा घातलं, तिसऱ्यांदाही नवं समजून. ही गोष्ट फिरत फिरत नागपूरला भुपेंद्रच्या, म्हणजे मुलाच्या कानावर गेली. तो तडक आला आणि त्यानं अट घातली. गोंदियाला डॉक्टरकडे स्मरणशक्तीची चाचणी द्यायची; ठीक निघाली तर क्लास चालू, नाहीतर क्लासला कुलूप आणि बिऱ्हाड नागपूरला. चाचणीला आठ दिवस होते.

त्या दिवसापासून गुरुजींच्या पायाला भिंगरी लागली. निवृत्त पोस्टमन चुन्नीलाल त्याच डॉक्टरकडे जाऊन आला होता. गुरुजींनी त्याला पारावर गाठून सगळा पेपर काढून घेतला. घड्याळ काढायचं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, पाच शब्द ऐकून थोड्या वेळानं परत सांगायचे. चुन्नीलालला त्याला विचारलेले पाचही शब्द अजून पाठ होते. झालं, गुरुजी ते घोकत धानाच्या बांध्यांमधून येरझारा घालू लागले. गोठ्याची भिंत खडूच्या घड्याळांनी भरली. जेवतानाही त्र्याण्णव, शहाऐंशी चालूच.

"काऊन असे करून राहिले जी?" शकुंतलाबाईंनी एकदा विचारलं. "परीक्षा का तुमची हाये?"

माझीच आहे, असं म्हणून ते अर्ध्या ताटावरून उठले. भीती वाटत होती, हे बायकोला सांगायचीही लाज वाटली.

चाचणीला आत शकुंतलाबाई सोबत बसल्या, भुपेंद्र बाहेर. डॉक्टरबाईंनी आधी पाच शब्द सांगितले: दिवा, गाजर, कुलूप, रस्ता, टोपी. मग घड्याळ झकास जमलं. वजाबाकी बिनचूक. शेवटी बाईंनी शब्द विचारले. गुरुजींनी क्षणही दवडला नाही.

"आंबा, पायरी, सायकल, चष्मा, बैल."

बाईंचं पेन थांबलं. हे आजचे शब्द नव्हेत, त्या हळूच म्हणाल्या. गुरुजी पुन्हा आठवू लागले. बराच वेळ डोकं खाजवून हाती लागलं ते फक्त कुलूप.

"पेपर फुटला होता, मॅडम," ते खालमानेनं म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

बाई हसल्या नाहीत. तुम्ही विसरलात की पाठांतर आडवं आलं, हे आता मलाही सांगता येणार नाही. महिन्याभरानं या, अभ्यास न करता या, असं त्यांनी सांगितलं.

बाहेर भुपेंद्रनं निकाल विचारला. परीक्षा रद्द, फेरपरीक्षा महिन्यानं, गुरुजी म्हणाले. मग तोवर क्लास चालू राहू द्या, असं तो समजुतीनं म्हणाला. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

"कॉपी केलेल्या पोराले मी कधी वर्गात बसू देल्लो का? तोवर बंद."

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांची बोटं गुडघ्यावर सारखी वाजत होती. कुलूप. कुलूप. पुढचं काही केल्या येईना. मागच्या सीटवर चौथी शिकलेल्या शकुंतलाबाईंना पाचही आठवत होते. नवऱ्याची तगमग त्यांना बघवेना. त्या पुढं वाकल्या, सांगू का म्हणाल्या.

गुरुजींनी मागं न बघता हात वर केला.

"सांगू नोको. पुन्हा फुटन."